पाणी सुटल्यावर छतातला स्प्रिंकलर जागेवर राहतो का? फ्लेक्सिबल पाइपचं गणित समजून घ्या

भंडारा : ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागली. कक्षात १७ बाळं होती. सात वाचली, दहा गेली. त्यानंतर राज्यभरातल्या रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले आणि ‘दवाखान्यात स्प्रिंकलर आहे का?’ हा प्रश्न तुमसरपासून लाखांदूरपर्यंतचे लोक विचारू लागले. प्रश्न बरोबरच आहे, पण अर्धा आहे. छताला स्प्रिंकलर दिसला म्हणजे तो ऐन वेळी नीट पाणी मारेलच, असं नाही. तो छताच्या आत कशाला पकडलेला आहे, यावर बरंच अवलंबून असतं.

नव्या दवाखान्यांत, मॉलमध्ये, मोठ्या हॉलमध्ये आता फॉल सीलिंग असतं. पाण्याचा लोखंडी पाइप त्याच्या वर, खऱ्या स्लॅबजवळून जातो. तिथून खालच्या स्प्रिंकलरपर्यंत पूर्वी लोखंडी तुकडे मोजून, कापून, आटे पाडून जोडत. आता बऱ्याच ठिकाणी त्याऐवजी स्टीलची जाळी असलेला लवचिक, म्हणजे फ्लेक्सिबल पाइप लावतात. दिसायला तो गीझरच्या नळीचा मोठा भाऊ. काम पटकन होतं आणि स्प्रिंकलर टाइलच्या बरोबर मधोमध आणता येतो. पद्धत वाईट नाही, जगभर वापरात आहे. मात्र लोखंडी पाइप स्वतःच ताठ उभा राहतो, लवचिक पाइपला कुणीतरी धरून ठेवावं लागतं.

हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. मोटर सुरू केली की बांधीतला मोकळा पाइप कशी उसळी मारतो, ते सगळ्यांनी पाहिलं आहे. हरभऱ्यातल्या तुषार संचाची उभी नळी नीट रोवली नसेल तर नोझल फिरायला लागताच आडवी होते. पाणी पुढे जोरात निघतं तेव्हा मागे तेवढाच धक्का देतं.

छतातल्या स्प्रिंकलरचं तेच आहे. त्याच्या तोंडाशी द्रव भरलेली काचेची छोटी नळी असते. लाल रंगाची नळी साधारण ६८ अंश तापमानाला फुटते आणि पाणी सुटतं. सिनेमात दाखवतात तसे सगळे स्प्रिंकलर एकदम सुरू होत नाहीत, ज्याची काच तापली तोच उघडतो. नेहमीच्या मापाचा स्प्रिंकलर एक बार दाबाला मिनिटाला सुमारे ८० लिटर पाणी सोडतो, म्हणजे २० लिटरच्या चार बादल्या. दाब सात बार असेल तर मिनिटाला दोनशे लिटरचा अख्खा ड्रम. पाणी खाली निघतं, म्हणून धक्का वर बसतो. एक बारला तोंडाशी हा धक्का साधारण दोन किलो वजनाइतका, सात बारला दहा किलोच्या पुढे. स्प्रिंकलरच्या खालच्या चकतीवर पाणी आपटतं, त्यामुळे बराच धक्का तिथेच जिरतो. पण सगळा नाही. शिवाय वाकवलेल्या पाइपात दाब असला की तो सरळ व्हायला बघतो.

हे सगळं झेलतं ते एक साधं ब्रॅकेट. सीलिंगच्या पट्ट्यांवर एक आडवी दांडी बसते आणि तिच्या मधल्या पकडीत स्प्रिंकलरची मान नटाने आवळलेली असते. हे ब्रॅकेट पाइपसोबत तपासलेलं, त्याच कंपनीचं असेल, नट पूर्ण कसलेले असतील आणि सीलिंगची जाळी स्लॅबला पक्की टांगलेली असेल, तर पाणी सुटल्यावर स्प्रिंकलर जागचा हलत नाही. अमेरिकेच्या एनएफपीए १३ या मानकात तर दाब सुमारे सात बारच्या वर जाणार असेल तर फॉल सीलिंगखालचा स्प्रिंकलर वर उचलला जाऊ नये, असा आधार द्यायला सांगितलं आहे.

गडबड होते ती हातघाईत. ब्रॅकेटऐवजी बाइंडिंग वायरने बांधलं, नट हातानेच फिरवून सोडला, किंवा पाइप इतका वाकवला की पाण्याची वाटच अरुंद झाली. कधी फायरवाल्याचं काम चोख असतं, पण वर्षभराने एसी किंवा लाइटवाला टाइल काढतो, ब्रॅकेट आडवं येतं म्हणून ढिलं करतो आणि तसंच ठेवून जातो. खालून काहीच कळत नाही. आग लागली की असा स्प्रिंकलर टाइलच्या वर सरकतो आणि पाणी सीलिंगच्या पाठीवर पडत राहतं. खाली आग तशीच.

‘पण टेस्ट झाली होती ना?’ झालेली असते. नवं काम झाल्यावर पाइपात जास्त दाब भरून दोन तास ठेवतात. त्यातून गळती कळते. त्या वेळी सगळे स्प्रिंकलर बंद असतात, त्यामुळे पाणी सुटतानाचा धक्का कुणी पाहिलेलाच नसतो. म्हणून टाइल उचलून, हाताने ब्रॅकेट तपासण्याला पर्याय नाही. तपासणाऱ्याने शिडी आणलीच नाही, तर त्याने काय पाहिलं हे विचारायला हरकत नाही.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी इमारतीच्या मालकाची किंवा वापरणाऱ्याची आहे. परवानाधारक एजन्सीचं ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. रुग्ण कल्याण समितीच्या सदस्यांना किंवा हॉल भाड्याने घेणाऱ्याला ते दाखवा म्हणता येतं. टाकीत पाणी आहे का आणि लाइट गेली तर पंप कशावर चालतो, हेही त्याच वेळी विचारून घ्यावं.

बाकी नुसत्या डोळ्यांनी थोडं दिसतंच. स्प्रिंकलर तिरपा आहे, भोवतीची गोल चकती छतापासून सुटली आहे, काचेवर रंग लागला आहे किंवा कुणी त्याला फुगे-तोरण बांधलं आहे, तर फोटो काढून व्यवस्थापनाला दाखवा. स्वतः हलवून मात्र बघू नका. काच फुटली तर पाणी हाताने थांबत नाही, लाइनचा व्हॉल्व्ह बंद करावा लागतो.