पुढचे चाक हलते? नट आवळा, पण बेताने



नवरात्रात कोराडीच्या देवीला जाणारा सावनेरकडचा रस्ता तुमच्यापैकी अनेकांच्या पायाखालचा आहे. त्याच रस्त्यावर एका रात्री माझ्या ट्रॅक्टरचे पुढचे डावे चाक जाम झाले. ट्रॉलीत घरची मंडळी होती. (ट्रॉलीत माणसे बसवू नका, असे गावोगाव सांगत फिरणाऱ्या माझेच हे वागणे!) पोरे रस्त्याच्या कडेला बसलेली आणि शेजारून राखेचे ट्रक सुसाट चाललेले. हबला हात लावला तर बोटाला फोड आला.

चूक माझीच होती. सकाळी ते चाक जरा हलताना दिसले, म्हणून पान्याला पाइप लावून मी नट करकचून आवळला होता. चाक घट्ट झाले म्हणून खूष होतो. वीस-पंचवीस किलोमीटरांत बेअरिंग जळाले.

हे असे का होते, ते पाहा. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकात, तसेच बऱ्याच जुन्या जीपगाड्यांत, निमुळत्या रोलरची दोन बेअरिंग समोरासमोर बसवलेली असतात. १८९८ साली अमेरिकेत याचे पेटंट घेणारा हेन्री टिमकेन हा मूळचा घोडागाड्या बांधणारा. नट आवळला की निमुळते रोलर वाटीत अधिक आत दाबले जातात. फार दाबले तर मधला ग्रीसचा थर निघून जातो आणि लोखंडावर लोखंड घासते. ढिले राहिले तर रोलर आदळतात, टायर वेडेवाकडे झिजते, सील फाटून चिखल आत शिरतो. धानाच्या चिखलणीनंतर तर हे हमखास. आपल्या भागातली राखेची बारीक पूडही तितकीच वाईट.

हल्लीच्या बहुतेक मोटारींत मात्र बेअरिंग बंदिस्त असते. ते वाजू लागले की बदलायचेच. तिथे आवळण्याजोगे काही नसते.

आता काम. ट्रॅक्टर सपाट, कठीण जमिनीवर उभा करावा, हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना ओंडके लावावेत. पुढचा आस जॅकने उचलून त्याखाली लाकडी ठोकळा द्यावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात घालू नये. चाक वर-खाली धरून हलवावे. या वेळी घरातल्या कुणाला तरी टॉर्च घेऊन आतल्या बाजूने पाहायला सांगा. फक्त हब हलत असेल तर बेअरिंग ढिले आहे. हबबरोबर स्टबही हलत असेल तर किंगपिनचे बुश गेले आहेत. मग नट कितीही आवळा, उपयोग नाही.

हबची टोपी काढून स्प्लिट पिन सरळ करून ओढावी. चाक फिरवता फिरवता नट पान्याने आवळावा, म्हणजे रोलर जागेवर बसतात. चाक जड फिरू लागले की नट पूर्ण सैल करावा आणि आता नुसत्या बोटांनी, जाईल तितकाच आवळावा. पाइप घरीच ठेवा! पिनचे भोक जुळत नसेल तर नट मागे घ्यावा, पुढे कधीही नाही. चाक मोकळे फिरावे आणि हलवल्यावर अगदी किंचितच हालचाल जाणवावी. कंपनीच्या पुस्तिकेत वेगळे माप दिले असेल तर तेच पाळावे.

पिन नवीनच घालावी. जुनी पिन पुन्हा वाकवली की तुटते. मग नट फिरतो आणि चाक रस्त्यावर निघून पडते. दोन-चार रुपयांसाठी एवढा धोका कशाला?

फिरवताना आत खरखर वाजत असेल तर बेअरिंग काढून रॉकेल किंवा डिझेलने धुवावे. रोलरवर खड्डे किंवा निळसर झाक दिसली तर बेअरिंग वाटीसकट बदलावे. नवीन रोलर जुन्या वाटीत टिकत नाहीत. ग्रीस रोलरांच्या आतपर्यंत तळहाताने दाबून भरावे आणि सीलही नवे घालावे.

मग चार-पाच किलोमीटर फिरून यावे आणि हबजवळ आधी हात नेऊन, मग बेताने टेकवावा. कोमट लागला तर ठीक. चटका बसला तर तिथेच थांबून नट सैल करावा; घर जवळ आले म्हणून तसेच पुढे जाऊ नये.