माडावर चढण्याचे यंत्र : किंमत कशी ठरवावी, विक्री कशी करावी

कोकणातील माडाच्या बागेत आज सर्वांत मोठी अडचण काढणीची आहे. बाणवली जातीचा माड पंधरा-वीस मीटर उंच वाढतो आणि वर्षातून सहा ते आठ वेळा नारळ काढावे लागतात. पाडेल्यांची पुढची पिढी मात्र या कामात फारशी उतरत नाही. पाडेली मिळाला नाही तर काढणी लांबते, शिवाय शेंडा साफ करणे आणि गेंड्या भुंग्याचा बंदोबस्त हीही कामे राहून जातात. चढण्यासाठी खोडाला खाचा पाडण्याची पद्धत तर नुकसानीचीच आहे, कारण अशा जखमांतून सोंड्या भुंग्याचा शिरकाव होतो.

यावर केरळच्या कण्णूर जिल्ह्यातील चेंबेरी येथील एम. जे. जोसेफ यांनी तयार केलेले यंत्र सर्वांच्या परिचयाचे झाले. यात दोन स्वतंत्र चौकटी असतात व प्रत्येकीचा तारदोर खोडाभोवती अडकवतात. चढणाऱ्याचे वजन पडले की तारदोर खोडाला घट्ट धरतो, वजन काढले की सैल होतो. एकेक चौकट आळीपाळीने वर उचलत माणूस उभ्यानेच चढतो. नारळ विकास मंडळाने 2011 साली सुरू केलेल्या ‘नारळ वृक्षाचे मित्र’ या प्रशिक्षणातून अनेक तरुण यंत्राने चढण्यास शिकले.

आता गावोगावचे वेल्डिंग कारागीर व काही बागायतदार स्वतःच्या कल्पनेने सुधारित यंत्रे बनवतात. यंत्र चांगले असते, पण किंमत अंदाजाने ठरवली जाते आणि पाच-पंचवीस नग विकून धंदा बंद पडतो. म्हणून हिशेब नीट समजून घ्यावा.

बनवणाऱ्याचा हिशेब

पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपल्या भागातील दर घालावेत. एका यंत्राला लोखंड, तारदोर व रबर 1,500 रुपये, मजुरी 600, जस्ताचा मुलामा 200, कमरपट्टा व सुरक्षा दोर 900, वीज, भाडे व खराब नग 300, बांधणी व वाहतूक 150, प्रात्यक्षिक 250, आणि पहिल्या वर्षी बदलून द्यायच्या सुट्या भागांसाठी 200 रुपये धरले, तर एकूण खर्च 4,100 रुपये होतो. यातील शेवटच्या दोन बाबी बहुतेक जण धरतच नाहीत.

दुसरी चूक नफा काढताना होते. दुकानदाराला 15 टक्के व आपल्याला 10 टक्के हवेत म्हणून खर्चावर 25 टक्के चढवून किंमत 5,125 रुपये ठेवली जाते. दुकानदार मात्र आपले 15 टक्के विक्री किमतीवर घेतो. ते 769 रुपये जाऊन हाती 4,356 रुपये उरतात, म्हणजे नफा अवघा 256 रुपये. बरोबर रीत अशी की, खर्चाला 0.75 ने भागावे. उत्तर सुमारे 5,467 येते, म्हणून किंमत 5,500 रुपये ठेवावी. जीएसटी लागू असल्यास तो वेगळा.

घेणाऱ्याचा हिशेब

हा हिशेब विक्रेत्यालाही पाठ हवा. पाडेली एका माडाला 60 रुपये घेतो आणि यंत्राने चढणाऱ्याच्या श्रमाचे 35 रुपये होतात असे समजू. एका चढाईमागे 25 रुपये वाचतात, म्हणजे 5,500 रुपये वसूल होण्यास 220 चढाया लागतात. ज्याच्या परसात सहा माड आहेत, त्याच्या सहा काढण्यांत वर्षाला 36 चढाया होतात. त्याला सहा वर्षे लागतील, तेव्हा त्याच्या गळ्यात यंत्र मारू नये. वीस माडांच्या बागायतदाराची वसुली दोन वर्षांच्या आत होते. गावातून फिरून रोज 25 माड काढणाऱ्या तरुणाची मात्र नऊ दिवसांत होते.

म्हणजे खरे गिऱ्हाईक हा तरुण किंवा यंत्र भाड्याने देणारा बचत गट आहे. त्याच्या दृष्टीने किमतीतील पाचशे रुपयांना फारसे महत्त्व नाही. यंत्र किती लवकर अडकवता येते, वजन किती आणि तारदोर किती टिकतो, हे तो पाहतो.

शेजारच्या कारागिराने नक्कल करून स्वस्त यंत्र आणले की आपणही किंमत उतरवावी असा मोह होतो, आणि पहिली कात्री कमरपट्ट्यावर व सुरक्षा दोरावर लागते. हे कदापि करू नये. वीस मीटरवरून पाय निसटला तर जीव त्या दोरावरच असतो. रंगात काटकसर केली तरी चालेल. पट्टा किमतीतच धरावा, ‘हवा असल्यास वेगळा’ असे म्हणू नये.

बाजारात आणण्यापूर्वी

कल्पना खरोखर नवी असल्यास प्रदर्शनात मांडण्याआधीच पेटंटसाठी अर्ज करावा. आधी तात्पुरता अर्ज करून 12 महिन्यांच्या आत संपूर्ण तपशील देता येतो. पेटंट मिळाल्यास मुदत अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षे असते.

यंत्र निदान एक पावसाळा निरनिराळ्या माडांवर वापरून पाहावे. शेवाळलेले खोड, वाकडा माड, जुन्या खाचांचा माड यांवर पकड कशी राहते याची नोंद ठेवावी. खोडावर मिरीचा वेल चढवलेल्या बागेत हे यंत्र चालत नाही. ते गिऱ्हाईकाला आधीच सांगावे, नाहीतर यंत्र परत येते आणि नावही जाते. पोफळीचे खोड बारीक असल्याने माडाचे यंत्र तिथे वापरण्यास देऊ नये.

विक्रीसाठी पाऊस संपल्यावरचा काळ चांगला. स्टॉलवर खांबाला यंत्र लावून दाखवण्यापेक्षा एखाद्या बागेत दहा जणांना बोलवावे आणि पट्टा बांधून, आपल्या देखरेखीखाली, आधी कमी उंचीवर चढू द्यावे. उधारी टाळावी. प्रत्येक यंत्रावर क्रमांक ठोकून घेणाऱ्याचे नाव, गाव व तारीख वहीत लिहावी. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत तारदोर लवकर गंजतो. त्याचा एक धागा जरी तुटलेला दिसला तरी दोर बदलावा, हे विकतानाच सांगावे आणि बदली दोर दुकानात कायम शिल्लक ठेवावेत.