बिग बँडमधली तिसरी खुर्ची
सॅक्सोफोन तुम्ही घरी कितीही छान वाजवत असाल, तरी अमेरिकेतल्या कॉलेजच्या जॅझ बिग बँडमध्ये पहिल्या दिवशी तारांबळ उडणारच. साधारण १७ वादक. ५ सॅक्सोफोन, ४ ट्रम्पेट, ४ ट्रॉम्बोन, शिवाय पियानो, गिटार, बास आणि ड्रम्स. समोरच्या कागदावर दोन स्वर सारख्याच लांबीचे लिहिलेले असतात, पण स्विंगमध्ये पहिला लांबतो, दुसरा आखडतो. हे कागद सांगत नाही. शेजारच्याचं ऐकूनच ते उचलावं लागतं, तबल्याच्या ठेक्याचं वजन उचलतो तसंच.

खरी कसोटी स्वर सोडण्याची. लीड ट्रम्पेट थांबला की सगळ्यांनी थांबायचं. तुमचा स्वर अर्धी मात्रा जरी रेंगाळला, तरी तो सगळ्या हॉलला ऐकू जातो!

टेक्सासमध्ये डेंटनच्या विद्यापीठात १९४७पासून जॅझची पदवी मिळते. तिथल्या अव्वल बँडचं नाव ‘वन ओक्लॉक लॅब बँड’, कारण त्यांचा सराव दुपारी एकला!

सोलो तुमच्या वाट्याला आला नाही, म्हणून रुसलात? काउंट बेसीच्या बँडमध्ये फ्रेडी ग्रीन सुमारे ५० वर्षं गिटार वाजवत होते. सोलो जवळपास नाहीच. चार मात्रा, चार ठोके.