नऊ रुपयांची रोषणाई

दिवाळीत बंगळुरूच्या बाल्कन्या उजळल्या की घराघरांत एक वाक्य ऐकू येतं : "महिनाअखेरीस बिल बघा आता!" हिशेब एकदा मांडूनच टाकू या.

एलईडीची साधी माळ साधारण ५ वॅट खाते. खिडक्या, कठडा, देवघर मिळून अशा दहा माळा आणि आकाशकंदिलात ९ वॅटचा बल्ब. सगळे मिळून ६० वॅट धरा. संध्याकाळी सहा ते रात्री अकरा, असे पाच दिवस. साठ गुणिले पंचवीस तास म्हणजे १,५०० वॅट-तास, अर्थात दीड युनिट. बेस्कॉम या वीज कंपनीचा घरगुती दर युनिटला सहा रुपयांच्या आसपास. अख्ख्या दिवाळीच्या रोषणाईचे झाले नऊ रुपये!

पूर्वी तोरणात झिरोचे बल्ब असत. नाव झिरो, पण एकेक बल्ब पंधराएक वॅट ओढायचा. चाळीस बल्बांचं तोरण म्हणजे ६०० वॅट, दहापट खर्च. आपली धास्ती त्या काळातली आहे.

खरी वीज जाते ती न दिसणाऱ्या ठिकाणी. नरकचतुर्दशीच्या पहाटे चौघांच्या अभ्यंगस्नानासाठी २,००० वॅटचा गीझर पाऊण तास तापला, की दीड युनिट संपलं. पाच रात्रींच्या उजेडाइतकी वीज एका पहाटेत!

आणि ते पाणी आलं कुठून? कावेरीतून, सुमारे शंभर किलोमीटरवरून. टी. के. हळ्ळी, हारोहळ्ळी, तातगुणी असे तीन टप्पे घेत ते जवळजवळ ५०० मीटर वर चढवावं लागतं. हजार लिटर पाणी एवढं उचलायला निसर्गाच्या नियमानेच १.३६ युनिट लागतात. पंपातली घट धरली तर पावणेदोनच्या पुढे. म्हणजे आपल्या दीड युनिटात फार तर आठशे लिटर पाणी वर येईल. माणशी १३५ लिटर या प्रमाणाने चौघांच्या घराला रोज ५४० लिटर लागतं. पाच दिवसांची रोषणाई आणि दीड दिवसाचं पाणी, दोन्हींची वीज सारखीच. नळ सोडताना मात्र बिलाचा विचार कुणाच्याही मनात येत नाही.

घरापुरती ही रोषणाई क्षुल्लक दिसते, पण शहराचा गुणाकार केला की डोळे विस्फारतात. अशी वीस लाख घरं धरा. एकाच वेळी १२० मेगावॅट! ज्या शिवनसमुद्र जलविद्युत केंद्राच्या विजेवर ५ ऑगस्ट १९०५ रोजी बंगळुरूच्या रस्त्यावर पहिले विजेचे दिवे लागले, त्या केंद्राची आजची क्षमता ४२ मेगावॅट आहे. नुसत्या माळांसाठी तशी जवळजवळ तीन केंद्रं लागतील. आणि त्याच घरांत झिरोच्या बल्बांची तोरणं असती तर मागणी १,२०० मेगावॅट झाली असती. जोगजवळचं १,०३५ मेगावॅटचं शरावती केंद्रही तिला पुरलं नसतं. एलईडीने वाचवलेली ही वीज एका मोठ्या धरणाच्या तोडीची आहे, आणि ती कुणाचंही गाव न बुडवता मिळाली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

एका घराने मात्र खरंच जपावं. कर्नाटकात २०२३ पासून गृहज्योती योजना आहे. २०२२-२३ मधला तुमचा सरासरी वापर आणि वर दहा टक्के एवढी वीज मोफत, पण कमाल मर्यादा २०० युनिटांची. ती ओलांडली की फक्त वरच्या युनिटांचं नव्हे, तर पूर्ण बिल भरावं लागतं. ज्यांचा मीटर महिन्याला १९९ वर थांबतो, त्यांच्यासाठी ते दीड युनिट नऊ रुपयांचं राहत नाही, वापर २००.५ वर जातो आणि बिल होतं बाराशेच्या वर. त्या घरात माळा खुशाल लावाव्यात, पण रीडिंगच्या तारखेआधी मीटर बघावा आणि गीझर दहा मिनिटं लवकर बंद करावा. पाच दिवस एवढं केलं तरी दीड युनिटाहून जास्त वाचतं.