सापेक्ष दुव्यांची दुरुस्ती

महात्मा गांधी मार्ग मुलुंडात आहे, तसाच घाटकोपरातही आहे; त्यामुळे केवळ ‘गांधी मार्गाने या’ एवढाच पत्ता ज्याच्या हाती पडला, तो कोणत्या स्थानकावर उतरला यावरच त्याचा मुक्काम ठरतो. वेबपानातील सापेक्ष दुव्याची प्रकृती नेमकी अशीच असते: स्थळाचे नाव गाळून फक्त वाट सांगितलेली असल्यामुळे, एखाद्या जुन्या मासिकाचे पान दुसऱ्या फोल्डरात हलविताच चित्रे अदृश्य होतात आणि दुवे भलतीकडे नेतात.

दुरुस्तीचे हे काम पायथनची छोटी स्क्रिप्ट निमूटपणे करते. मात्र मजकुरावर सरसकट ‘शोधा व बदला’ चालवू नये. ‘ब्यूटिफुल सूप’ या लायब्ररीने पान उलगडून प्रत्येक ‘एचरेफ’ व ‘एसआरसी’ गुणधर्मातील दुवा मूळ पत्त्यासह ‘यूआरएलजॉइन’ या फंक्शनच्या स्वाधीन करावा. दोन टिंबे म्हणजे एक पायरी वर, आरंभीची तिरकी रेघ म्हणजे थेट मुळापासून, हा कायदा (रॉय फील्डिंग यांनी १९९५ साली ‘आरएफसी १८०८’मध्ये शब्दबद्ध केलेला) त्यास मुखोद्गत असतो.

खरी मेख मूळ पत्त्याच्या अखेरच्या तिरक्या रेघेत आहे. मूळ पत्ता ‘/अंक/दिवाळी’ असा दिल्यास ‘मुखपृष्ठ’ हा दुवा ‘/अंक/मुखपृष्ठ’ होऊन बसतो, आणि दिवाळी बिनबोभाट गळते! ‘/अंक/दिवाळी/’ असे लिहिले तरच ती टिकते. पानात ‘बेस’ टॅग असल्यास त्याचाच हुकूम प्रमाण मानावा. ‘#’ने सुरू होणारे अंतर्गत दुवे मात्र जसेच्या तसे सोडावेत. आणि मूळ फायलींची नक्कल काढून ठेवल्यावाचून स्क्रिप्टला हात लावू नये, एवढी विनंती.