विश्लेषण : २१४ कोटींच्या आकड्यावर संगणकाचे घड्याळ का अडणार?

मंगळवार, १९ जानेवारी २०३८. भारतीय वेळेनुसार सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद. जुन्या ३२-बिट प्रणालींमधील सेकंदांची मोजणी या क्षणी २,१४,७४,८३,६४७ वर पोहोचेल आणि पुढचा सेकंद लिहायला जागाच उरणार नाही. गणितज्ञांना मात्र ही संख्या अडीचशे वर्षांपासून वेगळ्याच कारणाने परिचित आहे.

ही संख्या आली कुठून?

संगणक ० आणि १ हे दोनच अंक वापरतो. ३२-बिट पूर्णांकासाठी असे ३२ रकाने असतात. त्यातला एक अधिक-उणे चिन्हासाठी जातो. उरलेल्या ३१ रकान्यांत १ भरला की जी सर्वात मोठी संख्या मिळते, ती हीच. म्हणजेच २ चा ३१ वा घात वजा १.

गणितात तिचे महत्त्व काय?

ही मूळ संख्या आहे. १ आणि ती स्वतः सोडून तिला कशानेही नि:शेष भाग जात नाही. लिओनार्ड ऑयलर यांनी १७७२ मध्ये हे सिद्ध केले, तेव्हा त्यांची दृष्टी जवळपास गेली होती. तिचे वर्गमूळ ४६,३४० च्या किंचित पुढे असल्याने तिथपर्यंतचेच विभाजक तपासणे पुरेसे होते. त्यातही ६२ ने भागल्यावर बाकी १ उरते, अशाच मूळ संख्या विचारात घ्याव्या लागतात. त्यामुळे काम खूपच कमी झाले. पुढे अनेक दशके ही माहीत असलेली सर्वात मोठी मूळ संख्या होती.

मग घड्याळ का अडते?

युनिक्स पद्धतीत वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजली जाते. आकडा कमाल मर्यादेला पोहोचल्यावर त्यात १ मिळवला, की तो उणे होतो आणि तारीख थेट १३ डिसेंबर १९०१ वर जाते. फटका २०३८ मध्येच बसेल असेही नाही. आज घेतलेल्या २० वर्षांच्या गृहकर्जाचा शेवटचा हप्ता २०३८ नंतरचा असतो. जुने सॉफ्टवेअर ही तारीख आत्ताच चुकवू शकते.

अशी मर्यादा याआधीही ओलांडली गेली आहे. डिसेंबर २०१४ मध्ये ‘गंगनम स्टाइल’ गाण्याचे व्ह्यूज या आकड्यापुढे गेले, तेव्हा काउंटर ६४-बिट केल्याचे यूट्यूबने सांगितले.

उपाय काय?

वेळेसाठी ६४ बिट वापरणे. मग मर्यादा सुमारे २९ हजार कोटी वर्षांपुढे जाते. नवे स्मार्टफोन बहुतांशी ६४-बिट आहेत आणि २०२० मधील लिनक्स ५.६ पासून ३२-बिट यंत्रांसाठीही सोय झाली आहे. खरी चिंता आहे ती वर्षानुवर्षे अपडेट न होणाऱ्या राउटर आणि कारखान्यांतील नियंत्रकांची.

गंमत म्हणजे ६४-बिटची नवी कमाल संख्या, २ चा ६३ वा घात वजा १, मूळ नाही. तिला ७ ने नि:शेष भाग जातो.