64 अध्यायांचा श्रावण

“64 हैत. आन् श्रावण एकच.” पोथी वाचणाऱ्या अण्णांचं हे वाक्य महिनाभरात कितीदा कानावर पडलं, याची गणती नाही. लाइट गेली, पाऊस आला, कुणी मधेच जास्त वेळ बोलत बसलं, की अण्णा चष्म्यावरून बघत आणि 64 चा आकडा काढत. पांडवप्रतापाचे अध्याय 64. रोज दोन धरले तर महिन्यात साठ होतात. उरलेले चार एकादशी नाहीतर सोमवार बघून घुसवावे लागतात. पोळ्याच्या आत समाप्ती झाली पाहिजे, कारण पोळा झाला की माणसांचं चित्त बैलांकडून उसाच्या फडाकडं जातं.

गाव बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातलं. दसरा उलटला की निम्म्याहून जास्त घरांना कुलूप लागतं, टोळ्या ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. सगळं गाव एका जागी सापडायचं तर पावसाळ्यातच. तेव्हा श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लागते, याला धार्मिक कारण आहे तसं हेही आहे.

मी गेलो ते एका मित्राच्या टोमण्यावरून. श्रावणभर मोबाइल बाजूला ठेवून वाचायचं आणि प्रवासात पुस्तकं ऐकायची, असा संकल्प मी त्याला मोठ्या कौतुकानं सांगत होतो. तो याच गावचा. म्हणाला, “आमच्याकडं तीनशे वर्षांपूर्वीचं ऑडिओबुक चालू असतं, तेही फुकट. ये ऐकायला.” श्रीधरस्वामींनी पांडवप्रताप पुरा केला 1712 साली, त्यामुळं हिशोबही बरोबर होता. मग अंबाजोगाईहून केजमार्गे एसटीनं जायचं, रात्री मित्राच्याच घरी पडायचं, असं सुरू झालं. जाताना कानात ‘श्यामची आई’.

या पुस्तकाची गंमत अशी की त्यात अध्याय नाहीत, रात्री आहेत. साने गुरुजींनी ते 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. पण पुस्तकात मात्र श्याम रोज रात्री आश्रमातल्या सोबत्यांना जमवून आईच्या आठवणी सांगतो. एकानं सांगायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मग झोपायचं, पुढचं उद्या. मी त्याच रात्री भर दुपारी, खिडकीच्या सीटवर, सव्वापट वेगानं ऐकत होतो. केज येईपर्यंत तीन रात्री सहज उरकायच्या. सांगणाऱ्याचा आवाज चांगलाच होता, उच्चार नितळ, कुठं खोकला नाही की अडखळणं नाही.

अण्णा खोकतात. आधी तांब्यातलं पाणी पितात, लाल बासन सोडतात, पोथी पाटावर ठेवून नमस्कार करतात. टाइप ठळक, कागद पिवळा पडलेला, पानांचे खालचे कोपरे बोटांनी काळे झालेले. उजव्या हाताची तर्जनी ओळीखालून सरकत असते. ओवीचे पहिले तीन चरण एका दमात, चौथा थोडा आखूड आणि शेवटचं अक्षर लांबवून. ते अक्षर लांबत असतानाच शेजारी बसलेले तात्या बोलायला तोंड उघडतात. दोघांमध्ये कधी खूण होताना मला दिसली नाही.

तात्या म्हणजे सूचक. वाचक वाचतो, सूचक अर्थ सांगतो. तीन एकर सोयाबीन-तुरीचा हा शेतकरी पूर्वी स्वतः फडावर जायचा, आता कंबर देत नाही. माझं सगळं लक्ष हळूहळू अण्णांवरून या माणसाकडं वळलं. वाचणं मी शिकलो आहे. हे जे तात्या करत होते ते मला कुणी शिकवलं नव्हतं. ओवीचा अर्थ एका वाक्यात सांगून झाला की ते थांबतात आणि समोर बघतात. समोरून “जी” आलं की पुढं. ‘जी’ ढिलं आलं तर तोच अर्थ दुसऱ्या तऱ्हेनं, यावेळी कुणाच्या तरी बांधाचं, विहिरीचं, भाऊबंदकीचं उदाहरण घेऊन. नाव घेत नाहीत, पण सगळे एकाच माणसाकडं बघतात.

या देवळाचा वास मला अजून येतो. उदबत्ती तर सगळीकडंच असते. इथं तिच्यात ओल्या घोंगड्यांचा वास मिसळतो. पावसात रानातून थेट आलेली माणसं घोंगडी भिंतीला लावून बसतात आणि दुसऱ्या अध्यायापर्यंत सगळा सभामंडप मेंढरांच्या वाड्यासारखा उबदार होतो. 2023 साली मात्र घोंगड्या कोरड्याच राहिल्या, असं अण्णा सांगतात. त्या वर्षी अधिक श्रावण आला होता, म्हणून दोन महिने पोथी चालली. आणि ऑगस्ट असा गेला की देशात 1901 पासून इतका कोरडा ऑगस्ट नोंदलेला नाही. रानात काम नव्हतं, देवळात बसायला जागा नव्हती. “ऐकणारे लई व्हते,” अण्णा म्हणाले, “पन कान पोथीत नव्हते, ढगात व्हते.”

अण्णांचे वडील शाळेत गेले नाहीत. निजामाच्या राज्यात शाळा लांब आणि शिक्षण बहुतांशी उर्दूत. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान भारतात आलं तोवर त्यांचं शाळेचं वय निघून गेलं होतं. अक्षर ते पोथीवरूनच शिकले. आधी वर्षानुवर्षं ऐकून पाठ झालेली ओवी, मग त्या ओवीखाली बोट ठेवून हे ‘पां’, हे ‘ड’, हे ‘व’. म्हणजे आधी ऐकणं आणि मग वाचणं. ऑडिओबुक हे ‘खरं’ वाचन आहे का, असा वाद आम्ही शहरातली माणसं घालतो तेव्हा अण्णांच्या वडिलांना कुठं बसवायचं?

बीड जिल्ह्यात तर हा प्रश्न फारच उपरा वाटतो. मराठीतला आद्य ग्रंथ मानला जाणारा विवेकसिंधू मुकुंदराजांनी शके 1110 मध्ये रचला. काळावरून आणि स्थळावरून वाद आहेत, पण मुकुंदराजांची समाधी दाखवली जाते ती अंबाजोगाईलाच. त्याच गावच्या दासोपंतांनी सोळाव्या शतकात पंचीकरण लिहिलं ते पासोडीवर, सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद जाड कापडावर. एकट्यानं मांडीवर घेऊन वाचायची सोयच नाही. कपिलधारच्या मन्मथस्वामींचं परमरहस्य आजही श्रावणात वीरशैव घरांमधून वाचलं जातं. इकडं ग्रंथ म्हटला की एकाचं तोंड आणि पुष्कळांचे कान हे गृहीतच असतं.

द्यूताचा अध्याय आला त्या दिवशी पाऊस नव्हता आणि गर्दी होती. धर्मराज एकेक पण लावत हरत चाललेला. तात्या ‘पण’ समजावून सांगत होते, तेवढ्यात मागून एक तरणा आवाज आला, “म्हंजी धर्मराजानं उचल घेतली म्हना की. फिटली नाही म्हून बायकूला फडात उभी केली.”

हशा झाला. ‘उचल’ म्हणजे मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली रक्कम. पुढचे पाच-सहा महिने ती ऊस तोडून फेडायची. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. घाम दोघांचा, पैसा बहुधा नवऱ्याच्या हातात. हसणाऱ्यांत असं एकही घर नसावं, जिथं ही उचल आली नसेल.

तात्या हसले नाहीत. म्हणाले, “व्हय, उचलच. आता द्रौपदीनं भरसभेत काय इचारलं ते ऐका. ती म्हन्ली, धर्मराज आधी सवताला हरला का आधी मला? जो सवताच गहाण पडलाय त्याला दुसऱ्याला गहाण टाकता येतंय का? भीष्मासारख्याला उत्तर देता आलं नाही. तुमी द्या.”

कुणी दिलं नाही. मग बायकांच्या बाजूनं, पायरीजवळून, एक आवाज आला, “तिला इचारून कुनी उचल घेतली व्हती?” तात्यांनी तिकडं बघून मान हलवली. अण्णांचं बोट इतका वेळ त्याच ओळीखाली थांबलेलं होतं. त्या दिवशी दुसरा अध्याय झालाच नाही. “64 हैत,” एवढं अण्णा म्हणाले, पण पोथी बांधताना, हळू आवाजात.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये कानात पुन्हा श्याम. एका ठिकाणी मला वाटलं, इथं आईचं चुकलंच, मुलाला एवढं कडक वागवायला नको होतं. हे कुणाला म्हणायचं? पंधरा सेकंद मागं जायचं बटण दाबलं. तेच वाक्य, त्याच आवाजात, त्याच हेलात पुन्हा आलं. तात्या दुसऱ्यांदा सांगताना नेहमी दुसरं काहीतरी सांगतात. तसा या ॲपवाल्यांवर माझा राग नाही. स्टोरीटेल 2017 च्या अखेरीस भारतात आलं ते इंग्रजी-हिंदीच्या जोडीनं मराठी घेऊनच, आणि ज्यांचे डोळे अधू झाले, ज्यांना दिवसभर गाडी हाकायची आहे, त्यांना पुस्तकं परत मिळाली. माझ्या यादीतली कितीतरी पुस्तकं एरवी मी उघडली नसती. ॲपमध्ये झोपेचं घड्याळसुद्धा असतं, ऐकणारा झोपणार हे धरून आवाज आपोआप बंद होतो. देवळात म्हातारे भिंतीला टेकून पेंगतात; तात्या त्यांच्या दिशेनं आवाज चढवतात.

एकाला वाचायला लावून बाकीच्यांनी ऐकण्याची रीत जगात आणखीही आहे. क्यूबातल्या सिगारच्या कारखान्यांत 1865 पासून कामगारांना काम करता करता वाचून दाखवणारा माणूस असे. त्याचा पगार कामगार आपल्याच मजुरीतून देत, आणि काय वाचायचं तेही तेच ठरवत. अण्णा-तात्यांना रोजचं काही मिळत नाही. समाप्तीला धोतर, टोपी, नारळ आणि ज्यानं त्यानं ताटात टाकलेली दक्षिणा. रोजचा प्रसाद, शेंगदाणे-गूळ किंवा साखर-फुटाणे, घराघरातून पाळीनं येतो.

हे सगळं फार गोड आहे, असं मात्र कुणी समजू नये. बायका पायरीजवळ बसतात, त्यांच्यापर्यंत आवाज पोचतो की नाही याची चौकशी मी एकदाही ऐकली नाही. कोण कुठं टेकणार हे न बोलता ठरलेलं आहे. पाटाजवळ तर बाई बसलेली कधीच नसते. घरी शिवलीलामृताचा अकरावा अध्याय त्याच बायका न अडखळता वाचतात. तात्यांचेही काही अर्थ मला पटले नाहीत. एखाद्या राक्षसिणीचं वर्णन आलं की ते चावट विनोदाकडं घसरतात आणि तेवढ्यापुरतं देऊळ फक्त पुरुषांचं होतं.

पायरीजवळून बोललेल्या त्या मावशींना मी नंतर गाठलं. अक्षरओळख नाही. पांडवप्रताप, हरिविजय, रामविजय तिन्ही ऐकलेले, पुन्हा पुन्हा. फडावरच्या कोपीत म्हणजे झोपडीत रात्री मोबाइलवर कीर्तन लावतात, पण चार्जिंगचे वांधे आणि पहाटे तीनला उठायचं, त्यामुळं ऐकता ऐकताच डोळा लागतो. त्यांना विचारलं, मोबाइलवर अख्खी पोथी मिळते, ती का नाही लावत? म्हणाल्या, “लावली व्हती की. पन त्यो बाबा थांबतच नाही.”

पोळ्याच्या दोन दिवस आधी 64 पुरे झाले. शेवटच्या आठवड्यात अण्णांनी तात्यांना रेटलं. युद्धाचे अध्याय भराभर गेले, कर्णाला मात्र तात्यांनी पुरी एक संध्याकाळ दिली आणि अण्णांनी ती देऊ दिली. समाप्तीला भात, वरण, वांग्याची भाजी, बुंदी. पंगतीत एक म्हातारा सांगत होता की पलीकडच्या एका गावात सूचक वारला, तेव्हापासून तिथं रेकॉर्ड लावतात, भोंग्यावर. अध्याय वेळेवर पुरे होतात, आरतीला गर्दीही होते.

अण्णांच्या जागी वाचायला गावातली दोन पोरं तयार आहेत, एक तर बारावीला आहे आणि गळ्यानं गोड आहे. तात्यांच्या जागी कुणी नाही. ओवीवरून उचलीवर आणि उचलीवरून परत ओवीवर यायला पोथी पाठ असावी लागते, गाव पाठ असावं लागतं आणि लोकांनी मधे बोललेलं चालावं लागतं. हे शिकवणारी शाळा नाही. तात्याही कुणा दुसऱ्या तात्यांच्या शेजारी बसूनच शिकले.

तुमच्या गावात, घरात असा अर्थ सांगणारा कुणी उरला असेल तर पुढच्या श्रावणापर्यंत थांबू नका. मोबाइल सगळ्यांकडं आहे, पाटाशेजारी ठेवा आणि चालू करा. पण नंतर ते रेकॉर्डिंग साफ करायला बसू नका. खोकला, पावसाचा आवाज, ढिलं आलेलं ‘जी’ आणि पायरीजवळून आलेला प्रश्न, सगळं राहू द्या. आणि रेकॉर्डिंग चालू असताना एखादं पोरगं त्या म्हाताऱ्याच्या शेजारी बसवा.